तिबोटी खंड्याचा निळा रंग येतो कुठून?

जूनचा पहिला आठवडा होता. रात्रभर पाऊस कोसळून सकाळी थोडी उघडीप झाली होती. शेजारच्या वहिनी दारात आल्या त्या ओंजळ मिटूनच. "भावजी, बघा तरी काय सापडलं जिन्याच्या काचेखाली," म्हणाल्या आणि त्यांनी बोटं किंचित उघडली.

आत एक पक्षी होता, चिमणीहून लहान. पोट हळदीच्या रंगाचं, डोकं शेंदरी आणि त्या शेंदरावर जांभळी झाक. चोच आणि पाय अबोलीच्या फुलासारखे. पाठ काळसर निळी, आणि तिच्यावर कुणी चकाकत्या निळ्या शाईने बारीक रेघा ओढाव्यात तशा रेघा. डोळे अर्धवट मिटलेले. छाती भराभर वरखाली होत होती.

वहिनींचा नववीतला मुलगा मागोमाग आला, हातात मोबाईल घेऊनच. "काका, हा आपल्याकडचा नाहीच. हे बघा, अ‍ॅमेझॉनच्या जंगलातला आहे." कुणीतरी फिरवलेला मेसेज होता. फोटो मात्र अगदी याच पक्ष्याचा.

पक्षी आपल्याकडचाच, तिबोटी खंड्या. काचेवर आपटून सुन्न झाला होता. चपलांच्या खोक्याला चार भोकं पाडली, आत जुना सुती पंचा अंथरला, पक्ष्याला आत ठेवून झाकण लावलं आणि खोकं माळ्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवून दिलं. आता दीडेक तास वाट बघण्याशिवाय काही करायचं नव्हतं. त्या वेळात मुलाने प्रश्नांचा पाऊस पाडला. असे फोटो दर पावसाळ्याच्या तोंडावर गोव्यात आणि कोकणात फिरतात, आणि हेच प्रश्न मला दर वेळी कुणी ना कुणी विचारतं. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढतो आहे.

आपलाच, पण पावसाळ्यापुरता

खंड्या आपल्याला परका नाही. नदीकाठच्या तारेवर बसून पाण्यात झेपावणारा निळा पक्षी गोव्यात कुणी पाहिला नाही? काही ठिकाणी त्याला धीवर म्हणतात, काही ठिकाणी किलकिल्या. जगात खंड्यांच्या शंभराहून जास्त जाती आहेत. त्यातल्या सात-आठ आपल्या गोव्यात दिसतात, कुणी झुआरीच्या खारफुटीत, कुणी शेतातल्या बांधावर, कुणी घाटातल्या व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर.

तिबोटी हा त्यातला सगळ्यांत छोटा. चोचीपासून शेपटीपर्यंत तेरा-चौदा सेंटिमीटर, आणि त्यातही चोचच केवढी मोठी! वजन पंधरा ग्रॅमच्या आसपास. प्रिंटरमध्ये घालतात ते साधे ए-फोर कागद तीन घ्या आणि तळहातावर ठेवा. तेवढाच भार.

नावातच त्याची खूण आहे. बहुतेक पक्ष्यांच्या पायाला चार बोटं असतात, तीन पुढे आणि एक मागे. याच्या पायाचं आतल्या बाजूचं बोट नाहीसं झालेलं आहे. उरली तीन, म्हणून तिबोटी. पुढची दोन बोटं बुडाशी एकमेकांना चिकटलेली असतात. चालायला हा पाय फारसा कामाचा नाही, पण तो कशाला उपयोगी पडतो ते पुढे येईलच.

शास्त्रीय पुस्तकांत या पक्ष्याची नोंद स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनियसने १७५८ साली केली. भारतापासून आग्नेय आशियापर्यंतच्या सखल, ओल्या, दाट जंगलांत तो राहतो. आपल्या भागात तो मोसमी पाऊस घेऊन आल्यासारखा जूनच्या सुरुवातीला हजर होतो, इथेच घरटं करतो, पिल्लं वाढवतो आणि पाऊस सरला की दक्षिणेकडे निघून जातो. शेजारच्या महाराष्ट्रात रायगड जिल्ह्याने त्याला जिल्हा पक्ष्याचा मान दिला आहे. गोव्यात बोंडला, मोले, म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव या अभयारण्यांच्या परिसरात आणि त्यांच्या कडेच्या कुळागरांत, म्हणजे सुपारीच्या बागांत, तो दिसू शकतो. अ‍ॅमेझॉनमध्ये मात्र तो कधीच सापडायचा नाही. तिथल्या खंड्यांच्या जाती वेगळ्या आहेत.

मुलाचं समाधान झालं नव्हतं. "पण इतका रंग खरा असतो?"

हा प्रश्न त्याला वाटला त्यापेक्षा फार खोल आहे. कारण त्या पक्ष्याचा पिवळा रंग आणि निळा रंग, दोन्ही खरे असले तरी खरेपणा दोघांचा वेगवेगळा आहे.

एक रंग भरलेला, एक रचलेला

हळद लावली की हात पिवळे होतात, कारण हळदीचा कण हाताला चिकटलेला असतो. कोकमाचा डाग कपड्यावर राहतो, कारण कोकमातला पदार्थ धाग्यात मुरलेला असतो. ज्या पदार्थाच्या अंगातच रंग आहे, त्याला रंगद्रव्य म्हणतात. पिसांतले बरेचसे रंग असेच भरलेले असतात.

रंगद्रव्यांत दोन मोठी घराणी आहेत. एक मेलॅनिन, जे आपल्या केसांत आणि कातडीतही असतं. काळा, तपकिरी, गंजासारखा तांबूस हे त्याचे रंग. ते शरीर स्वतः तयार करतं. दुसरं कॅरोटिनॉइड. गाजर, पपई, पिकला आंबा यांचा केशरी-पिवळेपणा त्याचाच. हे पक्ष्याला स्वतः बनवता येत नाही, खाण्यातून मिळवावं लागतं. रोहित पक्ष्याला प्राणिसंग्रहालयात योग्य खाणं मिळालं नाही तर त्याचा गुलाबी रंग फिका पडत जातो, तो याचमुळे. आंब्याच्या झाडावर येणारा हळद्या पिवळाजर्द असतो, तोही याच द्रव्यांमुळे.

आता निळ्याकडे या. पक्ष्यांच्या पिसांत निळं रंगद्रव्य आजवर सापडलेलं नाही. खंड्यात नाही, नीलपंखात नाही, मोरात नाही. निळं पीस खलबत्त्यात घालून कुटलं तर निळी पूड हाती लागत नाही, मातकट तपकिरी भुकटी उरते. हळद कितीही कुटली तरी पिवळीच राहते. इथे मात्र कुटता कुटता रंगच नाहीसा होतो.

मुलाचा यावर विश्वास बसेना. योगायोगाने, पक्षी आपटला तिथे जिन्याच्या फरशीवर एक बारीकसं पीस पडलं होतं, नखाएवढं. ते चिमट्याने उचललं. खिडकीकडे पाठ करून पाहिलं तर टोकाला लखलखीत निळं. तेच पीस उजेडासमोर धरलं, म्हणजे उजेड त्याच्या आरपार डोळ्यांत येईल असं, तर निळं कुठेच नाही. काळपट तपकिरी, कोंबडीच्या पिसासारखं. मुलाने ते पाच-सहा वेळा फिरवून पाहिलं. निळं, तपकिरी, निळं, तपकिरी.

जो रंग असा दिशा बदलताच गायब होतो, तो पदार्थात नसून बांधणीत असतो. त्याला रचनारंग म्हणू या. तुम्ही तो रोज बघता. समुद्राचं पाणी ओंजळीत घेतलं तर पारदर्शक, पण लाटेचा फेस पांढराशुभ्र. फेसात पांढरं काही मिसळलेलं नसतं. पाणी आणि हवा यांची बारीक सरमिसळ झाली की उजेड परतून येतो आणि आपल्याला पांढरं दिसतं. पावसात रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलच्या थेंबावर इंद्रधनुष्य उमटतं, तेही असंच. पेट्रोलमध्ये ते सात रंग कुणी ओतलेले नसतात.

आंबोळीची जाळी आणि घुमटाचा ठेका

पिसाला मधे एक दांडा असतो, दांड्याला दोन्ही बाजूंनी फाटे फुटलेले असतात, त्या फाट्यांना आणखी बारीक फाटे. खंड्याचा निळा रंग या मुख्य फाट्यांच्या आत असतो.

तो फाटा आडवा कापून फार शक्तिशाली सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर काय दिसतं? आंबोळी डोळ्यांपुढे आणा. चांगली जमलेली, जाळी पडलेली. पीठ आणि भोकं, पीठ आणि भोकं. पिसाच्या फाट्यात पिठाच्या जागी केराटिन असतं, म्हणजे ज्याची आपली नखं बनलेली आहेत तशा प्रकारचा पदार्थ, आणि भोकांत हवा. फरक एवढाच की ही भोकं एकमेकांपासून जवळजवळ सारख्या अंतरावर असतात, आणि ते अंतर केसाच्या जाडीच्या साधारण चारशेव्या भागाएवढं.

आता उजेड. पांढऱ्या उजेडात सगळे रंग मिसळलेले असतात आणि प्रत्येक रंग म्हणजे वेगळ्या लांबीची लाट. निळ्याची लाट आखूड, लाल रंगाची लांब. मोजमाप द्यायचं तर निळी साधारण ४५० नॅनोमीटर, लाल ६५० च्या आसपास. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. हा उजेड जाळीत शिरतो आणि प्रत्येक भोकाच्या कडेवरून थोडा थोडा मागे फिरतो.

चतुर्थीला घरोघरी होणारी घुमट-आरती आठवा. पाच जण घुमट वाजवतायत. पाचही थापा एकाच क्षणी पडल्या तर माजघर दणाणतं. प्रत्येकाची थाप मागेपुढे झाली तर माणसं तेवढीच, घुमट तेवढेच, पण नुसता गलका. पिसात हेच होतं. भोकांमधलं अंतर असं आहे की निळ्या लाटा वेगवेगळ्या भोकांवरून परततात तेव्हा त्यांचा ठेका जुळतो. त्या एकमेकींत मिळतात, रंग जोरकस होतो. लाल-पिवळ्या लाटांना ते अंतर मानवत नाही, त्यांचा ठेका चुकतो आणि त्या विरून जातात. भोकं थोडी दूरदूर असती तर तोच पक्षी हिरवट दिसला असता.

आणि जाळीच्या खाली मेलॅनिनचा काळा थर असतो. सोनाराच्या दुकानात दागिना काळ्या मखमलीवर ठेवतात ना, तसा. जो उजेड जाळीतून खाली निसटतो तो हा थर गिळून टाकतो, नाहीतर त्या इकडेतिकडे उडालेल्या उजेडाने निळा रंग धुऊन निघाला असता. उजेडासमोर धरलेल्या पिसात आपल्याला जो तपकिरी रंग दिसला, तो या थराचा.

आकाशही असंच निळं आहे ना?

नाही. शाळेत विज्ञान चांगलं शिकलेली माणसं हा आक्षेप हमखास घेतात, आणि तो घेणं योग्यही आहे, कारण शास्त्रज्ञांनाही पुष्कळ काळ तसंच वाटत होतं. हवेतले कण सुटे सुटे असतात. ते आपापला निळा उजेड पसरवतात, शेजाऱ्याशी त्यांचा काही संबंध नसतो. पिसातली भोकंही तसंच करत असतील, असा समज होता. १९९८ साली पक्षिशास्त्रज्ञ रिचर्ड प्रम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण अमेरिकेतल्या एका निळ्या पक्ष्याच्या पिसांची जाळी बारकाईने मोजली आणि दाखवून दिलं की भोकांची मांडणी विस्कळीत नाही. तिच्यात अंतराचा नेम आहे, आणि निळा रंग त्या नेमातून येतो. आकाशाचा निळा म्हणजे हजारो जण आपापल्या घरी एकेकटे गुणगुणतायत. पिसाचा निळा म्हणजे आरती.

याच्या जोडीला दोन छोट्या गोष्टी. पोपटाचा हिरवा हा जोडरंग आहे: जाळीतून आलेला निळा आणि वर पिवळं रंगद्रव्य. पिंजऱ्यात पाळल्या जाणाऱ्या बजरीगार पक्ष्यांत निळे बजरीगार असतात, त्यांच्यात फक्त ते पिवळं द्रव्य बनत नाही. मोराची तऱ्हा निराळी. त्याच्या पिसात मेलॅनिनच्या सूक्ष्म कांड्या ओळीने रचलेल्या असतात, म्हणून मान हलली की त्याचा रंग सरकतो. खंड्याचा निळा तसा फारसा सरकत नाही.

आणखी एक. कॅरोटिनॉइडचे रंग उन्हाने आणि काळाने विटतात. रचनारंग बांधणी शाबूत असेपर्यंत टिकतो. संग्रहालयात शंभर वर्षांपूर्वी जपून ठेवलेले खंड्ये आजही तसेच निळे आहेत. न विटणारे रंग बनवू पाहणारे संशोधक या पिसांचा अभ्यास करतात, त्याचं कारण हेच.

अंधारात तयार होणारा निळा

मला या सगळ्यात सर्वांत जास्त गुंगवणारी गोष्ट ही की हा रंग काळोखात तयार होतो.

तिबोटी झाडावर घरटं बांधत नाही. व्हाळाकाठच्या किंवा रस्त्याकडेच्या मातीच्या दरडीत तो आडवा बोगदा खणतो. कधी कधी हा बोगदा एक मीटरपर्यंत लांब असतो. पंधरा ग्रॅमच्या जिवाने एक मीटर! चोच ही त्याची पहार, आणि ते चिकटलेल्या बोटांचे पाय हे खोरं. चोचीने माती पोखरायची, पायांनी मागे लोटायची. म्हणून हे सगळं पावसावर बेतलेलं असतं. मे महिन्यात आपली तांबडी माती विटेसारखी कडक असते. दोन-चार सरी पडल्या की ती पोखरण्याजोगी होते.

बोगद्याच्या टोकाच्या खोलीत चार-पाच अंडी असतात, पांढरी, चकचकीत, गोलसर. उघड्यावर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांना ठिपके, रेघा, मातकट रंग अशी लपवाछपवी करावी लागते. काळोखात तिची गरज नाही. नर-मादी दोघंही आळीपाळीने उबवतात. सतराएक दिवसांनी पिल्लं बाहेर येतात, उघडी, आंधळी. पहिला प्रयत्न फसला तर जोडी पुन्हा घरटं करते.

खंड्यांच्या पिल्लांची पिसं बरेच दिवस नळीसारख्या आवरणात गुंडाळलेली असतात. अंगभर सुया उभ्या राहतात, साळिंदराच्या पोरासारखी. त्या सुयांच्या आत रंग रचला जात असतो. कसा? सोलकढी थोडा वेळ भांड्यात तशीच ठेवली की काय होतं? नारळाचं रसरशीत दूध एका बाजूला, पाणी एका बाजूला. ढवळलेलं मिश्रण आपणहून वेगळं होऊ लागतं. पिसाच्या पेशीतही केराटिन आणि पेशीतला पातळ रस असेच एकमेकांपासून सुटे होऊ लागतात. सुटे होण्याची क्रिया अर्ध्यात असतानाच केराटिन घट्ट होतं आणि ती जाळी आहे तशी गोठते. मग पेशी मरते, रस सुकतो, त्याच्या जागी हवा शिरते. झाला निळा तयार. क्रिया कुठे थांबते त्यावर भोकांचं अंतर ठरतं, आणि अंतरावर रंग.

वीसेक दिवसांनी पिल्लू बोगद्याच्या तोंडाशी येतं. त्याच्या पिसांवर पहिल्यांदा उजेड पडतो, आणि तेव्हा कुठे तो निळा दिसतो. त्याआधी तो होता का, असं मुलाने विचारलं. मी म्हटलं, घुमट खुंटीला टांगलेला असतो तेव्हा त्यात नाद असतो का? त्याने बराच वेळ विचार केला. मीही अजून करतोच आहे.

एवढा भडक पक्षी जंगलात लपतो कसा?

मेसेजमधले फोटो हा मोठा घोटाळा करतात. फोटोतला पक्षी लख्ख उजेडात असतो, मागची पार्श्वभूमी पुसट, रंग उठून दिसतात. जंगलात तसं काहीच नसतं.

सत्तरीतल्या एका व्हाळाकाठी मी एकदा अर्धा तास उभा होतो. त्याची बारीक, तीक्ष्ण शीळ ऐकू येत होती. पक्षी जवळच असणार हे माहीत होतं आणि तरी दिसत नव्हता. शेवटी दहा पावलांवरच्या वेलीवर एक सुकलेलं पान होतं, त्याने मान हलवली.

पावसाळ्यात दाट झाडीखाली उजेड फार थोडा उतरतो, आणि उतरतो तोही पानांतून गाळून, हिरवट होऊन. रचनारंगाला परतवायला उजेडच मिळाला नाही तर तो दिसणार कसा? सावलीतली त्याची पाठ भिजलेल्या काळ्या दगडासारखी दिसते. शेंदरी डोकं आणि पिवळं पोट गळलेल्या पानांत मिसळून जातं. वरून बघणाऱ्या शिकाऱ्याला काळोखी पाठ तेवढी दिसत असणार. मग ढग सरकतो, पानांतून उन्हाचा कवडसा खाली येतो, पक्षी त्यातून उडून जातो आणि एक क्षणभर निळी ठिणगी. गेली.

मग हे रंग कुणासाठी? एकमेकांसाठी, असं मानायला जागा आहे. मात्र इथे मोरासारखा भेद नाही. नर आणि मादी सारखेच दिसतात, पिल्लं तेवढी जरा फिकी. शिवाय एक लक्षात ठेवायला हवं: आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या असतात, पक्ष्यांच्या डोळ्यांत चार. आपण ज्याला "रंगीबेरंगी" म्हणतो त्यापेक्षा त्यांचं जग आणखी एका रंगाने भरलेलं असतं. आपण दुरून अंदाज बांधायचा, एवढंच.

मासे नाहीत, मग कसला खंड्या?

वहिनींचा प्रश्न हा होता. घरासमोर नदी नाही, तळं नाही, मग हा इथे आला कशाला?

खंड्या म्हटलं की मासे, हे समीकरण आपण नदीवरचे खंड्ये बघून बसवलेलं आहे. प्रत्यक्षात खंड्यांच्या अनेक जाती रानात राहून जमिनीवर शिकार करतात. तिबोटीच्या पिल्लांना मिळणाऱ्या खाण्याची यादी अशी: सापसुरळ्या, पाली, बेडूक, छोटे खेकडे, गोगलगायी, रातकिडे, चतुर. म्हणजे पहिल्या पावसाबरोबर गोव्यातल्या कुळागरात जे जे काही वळवळायला लागतं ते सगळं. आपण पावसाळ्यात पाटाच्या कडेने चालताना दर पावलाला जे टुणकन उडतं, त्यावर याचा संसार उभा असतो. शिकार मोठी असेल तर फांदीवर आपटून आपटून मऊ करायची आणि मग न्यायची.

म्हणून त्याला मोठं पाणी लागत नाही. त्याला लागते सावली, ओल, पालापाचोळा आणि एक उघडी दरड. सुपारीचं जुनं कुळागर, त्यातून जाणारा पाट, मागे देवराई, कडेला व्हाळ: असा तुकडा असेल तर जंगल फार दूर नको. पण यातली एक गोष्ट काढून घेतली तर बाकीच्या तिघी असून उपयोग नाही. पालापाचोळा जाळून बाग झाडून काढली की सापसुरळ्या जातात. व्हाळाचे दोन्ही काठ काँक्रीटच्या भिंतीने बांधून काढले की पाणी तेवढंच राहतं, झाडी तेवढीच राहते, पण बोगदा खणायला माती उरत नाही. भिंत कुठे लागते, कुठे नाही, हे गावकऱ्यांनी आणि पंचायतीने ठरवायचं आहे. जिथे काठ स्वतःच उभा आहे तिथे तो उभा राहू द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

घरटं सापडलं तर बघायचं नाही का?

बघा. लांबून बघा, थोडा वेळ बघा, आणि ठिकाण कुणाला सांगू नका.

मागच्या पावसाळ्यात एका रस्त्याकडेच्या दरडीपाशी पाच जण कॅमेऱ्यांचे तिपाई लावून उभे होते. बोगद्याचं तोंड त्यांच्यापासून जेमतेम वीस पावलांवर. समोरच्या फांदीवर पक्षी चोचीत सापसुरळी धरून बसलेला. सापसुरळीचं डोकं बाहेरच्या बाजूला, म्हणजे ती स्वतः खायची नव्हती, पिल्लांना भरवायची होती. तिची शेपूट चोचीतून खाली लोंबत होती. मी घड्याळ लावलं. पक्षी पस्तीस मिनिटं तिथेच होता, या फांदीवरून त्या फांदीवर. कॅमेरे सारखे वाजत होते, कारण "पोझ" छान मिळत होती. त्यांना विनंती केली, सगळे वळणापलीकडे गेलो. दोन मिनिटांत पक्षी बोगद्यात.

त्या पाचांपैकी एकालाही पक्ष्याचं वाईट व्हावं असं वाटत नव्हतं. त्यांना ती चोचीतली सापसुरळी म्हणजे वाट बघणं आहे, हे कुणी सांगितलं नव्हतं, एवढंच. म्हणून इथे सांगितलं. पक्षी खाणं चोचीत धरून बसला असेल आणि घरट्यात जात नसेल, तर आपण फार जवळ आहोत.

काचेवर का आपटतो, आणि मग काय करायचं?

पावसाळ्याच्या तोंडावर इकडे येण्याचा प्रवास तो बहुधा रात्री करतो. पावसाळी ढग खाली उतरलेले, वाटेत घरांचे, हॉटेलांचे झगझगीत दिवे. उजेडाने दिशा चुकते. आणि पहाटे झाडीतून वेगाने, जमिनीलगत उडताना समोर काच आली तर तिच्यात त्याला पलीकडची झाडंच दिसतात. पक्ष्याला काच म्हणजे काय ते माहीत नसतं.

असा पक्षी सापडला तर त्याला हवेशीर खोक्यात, मऊ कापडावर, अंधारात आणि शांत जागी ठेवावं. चोच उघडून पाणी घालू नये, ते श्वासात जाऊ शकतं. भात, पाव, दूध काहीही देऊ नये. सारखं झाकण उघडून बघू नये. आपल्याला काळजी वाटत असते, त्याला मात्र समोर राक्षस दिसत असतो. फोटोसाठी हातात धरून ठेवणं तर मुळीच नको. एक-दोन तासांत शुद्धीवर येऊन तो आत खुडबुड करू लागला की झाडीजवळ नेऊन सोडावं. पंख लोंबत असेल, रक्त येत असेल, तर वनखात्याला कळवावं. घरी ठेवून घेणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

काचेचं म्हणाल तर तिच्या मधोमध एखादा गरुडाचा स्टिकर लावून फारसं काही होत नाही. पक्षी त्याच्या बाजूने जायला बघतो. काचेच्या बाहेरच्या अंगाने उभ्या रेघा किंवा ठिपके हवेत, आणि दोन रेघांमध्ये पाच सेंटिमीटरहून जास्त अंतर नको. सुतळीचे तुकडे सोडले तरी चालतं. मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत बाहेरचा मोठा दिवा रात्री बंद ठेवला तर आणखी बरं.

साडेनऊला खोक्यातून खरवडल्याचा आवाज आला. आम्ही तिघं खोकं घेऊन मागच्या व्हाळाकडे गेलो. पाणी गढूळ, जोरात वाहत होतं. फणसाखाली खोकं जमिनीवर ठेवलं आणि मुलाने झाकण हळूच सरकवलं. पक्षी लगेच उडाला नाही. कडेवर येऊन बसला, दोनदा मान खालीवर केली. फणसाच्या गर्द सावलीत त्याची पाठ साफ काळी दिसत होती.

"काका, निळा गेला," मुलगा कुजबुजला.

तेवढ्यात पक्षी पाण्याला घासून सुटला, आणि पलीकडे जिथे थोडं उघडं होतं तिथून आत शिरताना एकदा लखकन निळा झाला.

दुपारी वहिनींनी सुतळीचं बंडल काढलं. मुलगा पट्टी घेऊन काचेवर पाच-पाच सेंटिमीटरच्या खुणा करत बसला होता.